माईकच्या बटणाची गोष्ट

(बीड इथं कलापथकांत गाणाऱ्या कार्यकर्त्या बायकांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला 'कलापथकातील स्त्रियांचा सहभाग' असा विषय दिला होता. मी संयोजक मैत्रिणींना म्हटलं, सहभागावर आपण पुष्कळ बोललो, मला या वेळी माईकवर बोलू द्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "माईकवर काय बोलायचं? साउंडवाला असतोच की." मला नेमकं त्या 'असतोच की' वरच बोलायचंय.

सकाळचंच घ्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि माईकनं शिट्टी मारली. आपण सगळ्या गाता गाता एक पाऊल मागे सरकलो, पदर सावरले, आणि सगळ्यांनी मिळून कोपऱ्यातल्या त्या दादांकडं बघितलं. जसं काही आपल्याच हातून काही चुकलं आणि आता ते रागावणार. त्यांनी एक बटण फिरवलं, शिट्टी थांबली. पण त्याबरोबर गाणंही निम्मं झालं. शेवटच्या रांगेतल्या बायका शेंगा सोलत बसल्या, हे मी पाहिलं. त्यांचा काय दोष? त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी गाते, आणि माउथऑर्गन वाजवते. पुष्कळजणींना तो पोरांचा खेळ वाटतो. १९६४ च्या 'दोस्ती' सिनेमात दोन मित्रांपैकी पायानं अधू असलेला मुलगा वाजवतो तो बाजा, इतकीच आपली ओळख. मी तो उचलला त्याचं कारण अगदी साधं. पेटी एसटीत घेऊन फिरणं म्हणजे जीव मेटाकुटीला. पेटी मांडीवर, मूल कडेवर, आणि कंडक्टर म्हणणार सामानाचं तिकीट काढा. माउथऑर्गन पर्समध्ये मावतो. शिवाय पेटीवाला बहुतेक वेळा पुरुष असायचा, तो धरील ती पट्टी. मग बायका एकतर तारस्वरात ओढल्या जायच्या नाहीतर खाली पुटपुटायच्या. म्हटलं, वाद्य आपल्या हातात असलेलं बरं.

आता एक गोष्ट सांगते. ती मी यापूर्वी बऱ्याच व्यासपीठांवर सांगितली आहे, आणि चुकीची सांगितली आहे. म्हणून आज दुरुस्त करून सांगायची आहे.

२०१९ सालची गोष्ट. दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीला टोळ्या निघायच्या बेतात असताना, आम्ही धारूर तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम केला. त्या वर्षी बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न सगळ्या वर्तमानपत्रांत गाजत होता. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपल्याला आकडे पाहून धक्का बसला नाही. आपण त्या बायकांच्या घरी जेवलेल्या आहोत.

आमच्या पथकात एक ताई होती, स्वतः दहा-बारा हंगाम कोयता केलेली. तिनं स्वतः गाणं रचलं होतं. उचल घेतली तिथून सुरुवात, मग पाळी आली तरी मोळी डोक्यावर, एक दिवस बसलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वळते, आणि शेवटी पिशवी काढून टाकली तेव्हा मुकादम काय म्हणाला ते. चार कडवी. शेवटच्या कडव्यासाठीच सगळं गाणं होतं.

देवळासमोरच्या पटांगणात दोन माईक होते. एक तिच्यासमोर स्टँडवर, एक माझ्या हातात माउथऑर्गनला लावलेला. पहिली तीन कडवी झाली. चौथं सुरू झालं, मुकादमाचं नाव आलं, आणि आवाज गेला. पूर्ण बंद नाही झाला, पण तिचे शब्द गेले. मागची माणसं उठायला लागली. ती गातच राहिली, बिचारीला कळलंही नाही, कारण स्टेजवर आपल्याला आपला आवाज ऐकू येतोच.

कार्यक्रम संपल्यावर मी माईकवाल्या पोराच्या अंगावर गेले. "मुकादमाचं नाव आलं की बटण खाली करतोस काय रे? किती पैसे मिळाले?" तो म्हणाला, "ताई, माईक बोंबलत होता." मी म्हटलं, बरोबर त्याच ओळीला बोंबलला का? तो गप्प बसला. मी ते गप्प बसणं म्हणजे कबुली धरलं.

त्यानंतर ही गोष्ट मी जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर सांगितली. बाईचा आवाज कसा दाबला जातो याचं उदाहरण म्हणून. लोक टाळ्या वाजवायचे.

२०२० च्या टाळेबंदीत घरात बसून जुने फोटो, रेकॉर्डिंग नीट लावत होते. त्या कार्यक्रमाचं एका मुलीनं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग सापडलं. ती कर्ण्याच्या अगदी समोर बसलेली असावी, कारण सगळं स्वच्छ आलं होतं. मी ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग जाऊन पाणी प्यायले.

झालं होतं ते असं. तिसऱ्या कडव्यापासूनच माझा माउथऑर्गन तिच्या शब्दांवर चढलेला होता. चौथ्या कडव्याला मला वाटलं, आता रंग भरू या. म्हणून मी दोन्ही हातांची ओंजळ करून माईक आणि बाजा त्यात घट्ट धरला. त्या क्षणी एक बारीक शिट्टी सुरू झाली, वाढत गेली, आणि पोरानं घाईनं दोन्ही बटणं खाली केली. दोन्ही. माझा बाजा तरीही ऐकू येत होता, कारण तो माईकला चिकटलेला. तिचा आवाज गेला, कारण ती माईकपासून हातभर लांब उभी होती. मुकादमाच्या ओळीवर ज्या बाईनं आवाज दाबला, ती मी होते.

ती हातभर लांब का उभी होती? हा प्रश्न मला पोराच्या बटणापेक्षा मोठा वाटतो. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर तिला एकच शिकवण मिळाली होती, हळू बोल, दाराबाहेर आवाज जाता कामा नये. समोर चकचकीत लोखंडी बोंडूक उभं केल्यावर ती त्याच्यापासून लांब सरणार नाही तर काय करणार? आम्ही तिला मासिक पाळीचं शास्त्र शिकवलं, किमान वेतनाचा कायदा शिकवला, पण माईकपुढे कसं उभं राहायचं ते नाही शिकवलं. आणि मला कुणी शिकवलं नव्हतं की माईक ओंजळीत झाकायचा नसतो.

मी त्या पोराकडे गेले. माफी मागितली. तो आता बीडमध्ये मंडप आणि साउंडचा धंदा करतो. तो हसला आणि म्हणाला, "ताई, इतक्या वर्षांत मशीन बघायला आलेली पहिली बाई तुम्हीच. शिव्या द्यायला बऱ्याच आल्या." मग त्यानं दोन दुपारी बसून मला जे शिकवलं, आणि पुढं मी वाचून, वाजवून, चुकून जे शिकले, ते आज तुम्हाला द्यायचं आहे. जड वाटलं तर थांबवा.

शिट्टी का वाजते? माईकमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, शेजारी लोहचुंबक. आवाजानं पडदा हलतो, त्यातून बारीकसा विजेचा प्रवाह निघतो, मशीन तो मोठा करून कर्ण्यात पाठवतं. कर्ण्यातला आवाज हवेतून फिरून पुन्हा माईकमध्ये शिरला की पुन्हा मोठा होतो, पुन्हा कर्ण्यात, पुन्हा माईकमध्ये. दोन जावांनी एकमेकींचं बोलणं एकमेकींना सांगत राहावं तसं. फेऱ्यागणिक वाढत जातं आणि शेवटी किंचाळी होते. ही फेरी तोडायची असेल तर कर्णे नेहमी माईकच्या पुढच्या बाजूला, लोकांकडं तोंड करून हवेत. गाणारीच्या मागं कर्णा ठेवला की संपलं.

आपल्याकडं स्टेजवर सहसा जो हातातला माईक मिळतो तो समोरचं जास्त ऐकतो, पाठीमागचं फार कमी. त्याच्या जाळीच्या खाली आणि मागे हवेला वाटा ठेवलेल्या असतात, त्यामुळंच त्याला पुढं-मागं कळतं. जाळी मुठीत आवळली की त्या वाटा बुजतात. मग तो चहूकडचं ऐकायला लागतो, कर्ण्याचंही ऐकतो, आणि शिट्टी. पुढारी लोक माईकचं मुंडकं मुठीत धरून बोलतात, आणि तो किंचाळला की माईकवाल्यावर ओरडतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. माझंही तेच झालं होतं.

म्हणजे माउथऑर्गन वाजवताना ओंजळ करायचीच नाही का? करायची, पण त्या माईकचा आवाज आधी कमी करून. ओंजळीनं आवाज जाड होतो, भरदार होतो, त्यातच त्या वाद्याची मजा आहे. अमेरिकेत शिकागोच्या काळ्या वादकांनी १९५० च्या सुमारास हीच पद्धत रूढ केली, एक गोल गरगरीत माईक बाजाबरोबर हातात धरून. लिटल वॉल्टर हे त्यांतलं मोठं नाव. तसल्या माईकवर छोटं बटण बसवलेलं मिळतं, अंगठ्यानं फिरवायचं. मीही एक छोटी डबी करून घेतली आहे, वायरीच्या मध्ये, कमरेला अडकवलेली. बटण योग्य मापाचं लागतं, नाहीतर आवाज कोंडल्यासारखा येतो. ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बघून घ्यावं. ती गायला लागली की मी माझा आवाज शून्यावर आणते. ओळ संपली की वर. या डबीनं फक्त माझा आवाज कमी-जास्त होतो. तिच्या आवाजाचं बटण माझ्या कमरेला नाही, आणि नसावं.

तिचं बटण कुठं आहे? अंतरात. हे नीट ऐका, कारण याला पैसे लागत नाहीत. मोकळ्या जागेत तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट केलं की माईकवर पडणारा आवाजाचा दाब निम्मा होतो, ६ डेसिबलनं कमी. चार बोटांवरून हातभर लांब गेलं की साधारण १६ डेसिबल कमी झाले. कानाला तो आवाज तिसऱ्या हिश्श्याएवढा वाटतो. म्हणजे आमची ताई तीन वाट्यांतली एकच वाटी लोकांना देत होती, आणि पोरगा बिचारा ती भरून काढायला बटण वाढवत होता. बटण वाढवलं की शिट्टीच्या काठावर. म्हणून माईक चार बोटांवर घ्या. जोरात ओळ आली की स्वतःच वीतभर मागं या. हळू ओळ आली की जवळ. चांगल्या गाणाऱ्या बायका हे न सांगता करतात, त्यांचं डोकं कसं पुढं-मागं होतं बघा.

जवळ गेल्यावर एक अडचण आपल्या भाषेत फार येते. भ, फ, प, ख. 'भीम' म्हटलं की माईकवर भक्कन हवा आदळते, कर्ण्यातून धप्प असा आवाज येतो. त्यासाठी माईक अगदी तोंडासमोर न धरता ओठांच्या जरा बाजूनं धरायचा, हवा पुढून निघून जाईल. आणि जवळ गेल्यावर आवाजात थोडा जाडपणा येतो, तो माईकचा गुण आहे. बायकांच्या आवाजाला तो उपकारकच असतो.

हो, बायकांचा आवाज. 'ताई, तुमचा आवाज लई पातळ, माईकला सूट होत नाही.' किती जणींनी ऐकलंय? ... बघा, हात. मीही ऐकलंय आणि खरं मानलंय. आता कर्ण्याचं बघा. लोखंडी कर्ण्यातून खालचे जाड स्वर जवळजवळ येतच नाहीत. तो लांबवर हाक पोचवायला केलेला आहे. जुन्या टेलिफोनच्या लाइनीत तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा सोडायचे. अशा यंत्रांतून कोणाचाही आवाज चिरकतो, बाईचा जरा जास्त, कारण आधीच तो वरचा. यंत्र अपुरं, आणि दोष बाईच्या गळ्याला! आपल्या मशीनवर 'बास' आणि 'ट्रेबल' अशी दोन बटणं असतात. आवाज टोचतो असं कुणी म्हटलं तर ट्रेबल किंचित कमी करायला सांगा. व्हॉल्यूम नव्हे.

आता माउथऑर्गन आणि आवाज एकमेकांच्या अंगावर का पडतात. पांढरी एकचा, दहा छिद्रांचा साधा माउथऑर्गन साधारण २६२ हर्ट्झपासून २०९३ हर्ट्झपर्यंत वाजतो. आपण बायका जिथं गातो, ती जागाही बरीचशी यातच येते. एकाच पट्ट्यातले दोन आवाज आले की मोठा आवाज लहानाला गिळतो, आणि पहिले जातात ते शब्द. एकतारी असं करत नाही. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात, तेव्हा शब्द न् शब्द कळतो, कारण ती तार खाली गुणगुणत राहते, शब्दांच्या वाटेत येत नाही. माउथऑर्गनला हे शिकवावं लागतं. शब्द चालू असताना वाजवायचं नाही. ओळीच्या शेवटी, दोन कडव्यांच्या मध्ये वाजवायचं. वाजवणारीला हे जड जातं. मला गेलं. हात शिवशिवतात.

याच्या पुढं एक गोष्ट येते, ती मला फार पटली आहे. कमी ऐकू येतंय असं वाटलं की आपण म्हणतो, हिचा आवाज वाढवा. मग दुसरी म्हणते, आता माझा ऐकू येत नाही, माझा वाढवा. मग ढोलकीवाला. अशी चढाओढ होऊन पाच मिनिटांत शिट्टी. त्याऐवजी जे मोठं आहे ते कमी करा. ढोलकीचा माईक काढून टाका, पटांगणात ढोलकीला माईक लागतच नाही. बाजा खाली आणा. गायला जी उभी नाही तिचा माईक बंद ठेवा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलनं घटते. चार उघडे असतील तर ६. चार जणींपुढं चार माईक लावणं मानाचं वाटतं, पण त्या मानापायी चौघींचाही आवाज जातो. दोघींनी एक माईक वाटून घेतला तर बरं. जात्यावर बायका अशाच बसतात.

जात्यावरून आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांच्या गटानं १९९६ साली आपल्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आजही त्या ऐकता येतात. ऐकाच. तिथं कुणी ओरडत नाही. आवाज चढवायची गरजच नाही, कारण माईक घेऊन माणसं त्यांच्याजवळ गेली होती. आपल्या कार्यक्रमांत आपण नेमकं उलट करतो. बाईला ओढून माईकपाशी आणतो, आणि म्हणतो, हं, गा.

असो. माझी गोष्ट चुकीची होती म्हणजे बटणाचं राजकारण नसतंच, असं मात्र कुणी समजू नका. १९९३ ला पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, आपल्या राज्यात २०११ ला निम्म्या झाल्या. तरी किती ग्रामसभांत सरपंचबाईंपुढचा माईक भाषण सुरू व्हायच्या आधी मालकांच्या हातात जातो? 'त्यांना बोलायची सवय नाही.' मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिथं शिट्टीबिट्टी काही वाजत नव्हती. एकदा हुंडाबळीच्या गाण्याच्या वेळी माईकच्या दांड्यावरचा खटकाच एकानं येऊन बंद केला, वर म्हणाला, बॅटरी गेली. माईक वायरीचा होता! म्हणूनच कोणता आवाज कशानं गेला, ते ओळखता आलं पाहिजे. नाहीतर आपण निरपराध पोराला शिव्या देतो, आणि जो खरोखर खटका बंद करतो त्याच्यावर विश्वास ठेवतो.

कर्णे कुणाकडं तोंड करून आहेत, तेही बघत जा. आपल्या गावांत पुरुष पटांगणात समोर बसतात. बायका कुठं? बाजूच्या ओट्यावर, दारात, भिंतीआड अंधारात. कर्णे पुरुषांकडं. कर्णा ज्या दिशेला तोंड, त्या दिशेलाच नीट ऐकवतो. पुढचे म्हणतात, लई मोठा झाला, कमी करा. कमी केला की ओट्यावर काहीच पोचत नाही. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ चं. त्या नाटकानं आपल्यातल्या किती जणींना बोलतं केलं. आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली निघाल्या फक्त ८०७, राज्यात सगळ्यात कमी. या विषयावरचं गाणं ओट्यावरच्या सासूला आणि सुनेला ऐकू गेलं नाही, तर आपण ते कुणासाठी गायलं? म्हणून आम्ही आता गेल्या गेल्या एक कर्णा ओट्याकडं वळवतो. लोक कुरकुर करतात. करू देत.

वेळेचंही आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या नियमांपासूनचा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. दवाखान्यापाशी, शाळेपाशी, म्हाताऱ्या माणसांच्या घरापाशी कर्णा लावून आपण कोणती क्रांती करणार? पण बाई भाकरी थापून, भांडी घासून मोकळी होते साडेआठला. मग दीडच तास उरतो. त्यातला अर्धा तास 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' मध्ये जातो. म्हणून माईकची तपासणी दुपारीच करून घ्यायची, आणि ती वन टू थ्रीनं करायची नाही. जी गाणार आहे तिनं तिच्या गाण्यातली सगळ्यात हळू ओळ आणि सगळ्यात जोरात ओळ गायची. बाजावालीनं ओंजळ करून वाजवायचं. एकीनं ओट्यावर जाऊन बसायचं, आणि तिथून हात वर-खाली करून सांगायचं. रात्री लोक बसले की आवाज थोडा कमी वाटतो, माणसांची अंगं तो शोषून घेतात, हेही ध्यानात ठेवायचं. मग मशीनवर पेन्सिलीनं खुणा करायच्या.

बिग मामा थॉर्नटन नावाची एक बाई अमेरिकेत होऊन गेली. १९२६ चा जन्म, काळी, धिप्पाड, गाणारी आणि माउथऑर्गनही वाजवणारी, तोही स्वतःच शिकलेली. तिनं १९५२ साली गायलेलं 'हाउंड डॉग' हे गाणं पुढं १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जगभर त्याचं झालं. तिच्या पदरात पैसे किरकोळच पडले. १९८४ मध्ये ती गेली. तिचं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका. मला ते ऐकताना आमची कोयतेवाली ताई आठवते. आवाज तिचा, नाव दुसऱ्याचं.

ताईचं विचाराल तर मी तिला सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी तुमच्याच बाजानं माझं गाणं खाल्लं म्हणा की." मी म्हटलं, हो. "मग आता काय करता?" म्हटलं, तू म्हणशील ते. तर म्हणाली, पुन्हा त्याच गावात जायचं, तेच गाणं म्हणायचं, आणि शेवटच्या कडव्याला तुम्ही गप्प बसायचं.

२०२२ साली दसऱ्याआधी गेलो. ती चार बोटांवर उभी राहिली. चौथ्या कडव्याला मी बाजा पर्समध्ये ठेवून दिला होता, हातालाच लागू नये म्हणून. मशीनवर आमच्यातलीच एक मुलगी होती, दहावी झालेली, त्याच मंडपवाल्या पोराकडं शिकलेली. सुरुवातीला तिला एका मालकानं मशीनला हात लावू दिला नव्हता. बाईच्या हातानं फ्यूज उडतो, म्हणे. मुकादमाची ओळ आली. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं मोठ्यानं "खरंय गं बाई" म्हटलं, ते मला स्टेजवर ऐकू आलं. पटांगणातून दोघं-तिघं पुरुष उठून गेले. ऐकू आल्यावर उठून गेले, हे महत्त्वाचं.

आता माझं बोलणं पुरे. कोपऱ्यातल्या दादांनी परवानगी दिली आहे, मशीन आपल्यासाठी तासभर मोकळं आहे. दोन माईक चालू आहेत, एक कर्णा मागच्या रांगेकडं वळवलाय. शेंगा सोलणाऱ्या मैत्रिणींनी आधी पुढं यावं. एकीनं गायचं, एकीनं बटणापाशी बसायचं, आणि एकीनं तिकडं दारात जाऊन उभं राहायचं. चला, कोण येतंय?